सात नंबरचा वारा

सात नंबरच्या खोलीत वारा लागतो, असं नर्स रोना गिलिस वॉर्डात सगळ्यांना सांगायची. कुठून लागतो, ते मात्र सांगायची नाही. सांगणार कुठून? खोलीला खिडकी एकच, आणि तीसुद्धा चारी बाजूंनी पांढऱ्या सिलिकॉननं अशी लिंपलेली, की डासाला आत यायचं झालं तर खालच्या दाराशी जाऊन नाव सांगावं लागलं असतं. तरी रोनाचं आपलं एकच. सात नंबरमध्ये पाऊल टाकलं की मानेवर वारा येतो आणि मग दोन दिवस मान धरते. सकाळी खोल्या वाटताना सात नंबर तिच्या वाट्याला आला की ती लगेच कुणाशी तरी अदलाबदल करायची, आणि बदल्यात काय वाट्टेल ते देऊन टाकायची. नाताळची सुट्टी दिली, आईनं भाजलेली ओटची बिस्किटं डब्यासकट दिली, एकदा तर एका धिप्पाड कोळ्याची आंघोळ आपल्या गळ्यात घेतली. तो कोळी पाण्याला घाबरत होता, ही गोष्ट वेगळी.

"या हिशेबानं पुढच्या वर्षी किडनी देशील तू," क्लोव्हिस म्हणायचा.

क्लोव्हिस शियासों म्हणजे त्याच वॉर्डातला नर्स. केप ब्रेटन बेटाच्या वरच्या अंगाला जी फ्रेंच बोलणारी गावं आहेत तिथला. भरघोस मिशा, मोठं पोट आणि त्याहून मोठं तोंड. केप ब्रेटनमध्ये कुणाला चिडवलं नाही तर त्याला वाटतं आपल्यावर राग आहे की काय. त्यामुळे क्लोव्हिसचं सगळ्यांशी उत्तम चाललं होतं. रोनाबरोबर तो साथीच्या आधीपासून होता, साथीत होता आणि साथीनंतर निम्मी मंडळी नोकरी सोडून गेली तेव्हाही होता. तो का राहिला असं कुणी विचारलं, तर म्हणायचा, "कॅन्टीनचं मटणाचं सूप." कॅन्टीनमध्ये असं सूप कधीच नव्हतं.

वाऱ्याची गोष्ट तशी चालून गेली असती. माणसाला एखादी खोड असते, लोक हसतात आणि सोडून देतात. पण एके दिवशी वॉर्डाच्या दारातून चहाची गाडी आत आली, आणि ती गाडी ढकलत होती एफी बीटन.

रोनाच्या हातातलं औषधाचं तबक खाली पडायचंच बाकी होतं.

हॉस्पिटलात चहाची गाडी फिरवायला गावातल्या म्हाताऱ्या स्वयंसेवक म्हणून येतात. गुलाबी जाकीट घालतात, पेशंटला चहा-बिस्किटं देतात आणि बदल्यात अख्ख्या गावाच्या बातम्या घेऊन जातात. एफी बीटन सत्तरी ओलांडलेली, वाऱ्यानं उडून जाईल इतकी बारीक, पण आवाज असा की गाडीच्या आधी तोच पोचायचा. तिनं रोनाला पाहिलं, गाडी तिथंच सोडली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"हीच ती!" एफीनं सगळ्या वॉर्डाला सांगितलं. "माझा ॲलिक गेला ना, तेव्हा हिनं त्याच्यासाठी खिडकी उघडली. भर हिवाळ्यात! सोन्यासारखी पोर आहे."

पेशंटांनी माना डोलावल्या. एका आजीबाईंनी डोळे पुसले. आणि कोपऱ्यात रक्तदाब मोजत असलेल्या क्लोव्हिसनं मान वर करून रोनाकडे पाहिलं. वॉर्डातली एकही खिडकी उघडत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? उन्हाळ्यात घामाघूम होऊन सगळ्यात जास्त शिव्या त्यानंच घातल्या होत्या. पण तो पुन्हा आकडा वाचायला लागला. क्लोव्हिस गप्प बसला, यावरूनच रोनाला कळलं की आपली चोरी पकडली गेली आहे.

झालं होतं ते असं.

साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात ॲलिक बीटनला सात नंबरमध्ये ठेवलं होतं. अख्खं गाव त्याला बर्फवाला ॲलिक म्हणायचं, कारण आइस हॉकीच्या मैदानावरचा बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र तो वर्षानुवर्षं चालवत आला होता. घशात नळी घालू नका, असं त्यानं स्वतःच बजावलं होतं, म्हणून तोंडावर फक्त ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस काढेल असं वाटत नाही. भेटायला कुणाला सोडायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम दाराशी उभं राहून लोकांना सांगायचं काम नर्सचं होतं. रोनानं त्या दिवशी एका मुलाला आईपाशी जाऊ दिलं नव्हतं, एका नवऱ्याला लिफ्टपासून मागे फिरवलं होतं. दिवसभर नाही, नाही म्हणून तिची जीभ कडू झाली होती. त्यात एफीचा फोन आला.

"मला आत सोडणार नाहीत, ते ठाऊक आहे," फोनवर एफी म्हणाली. "मी भांडत नाही. मलाही तोच आजार झालाय, घरातून निघायला बंदी आहे. एकच काम कर माझं. त्याची वेळ आली असं वाटलं की खिडकी उघड. आमच्यात उघडतात. जीव अडकून राहू नये म्हणून."

रोनाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या आजोबांच्या वेळी तिच्या आजीनंही उघडली होती. ती पटकन म्हणाली, "हो, उघडते." दिवसभरातला तो तिचा पहिला होकार, म्हणून तो तोंडातून सुटला तेव्हा तिला फार बरं वाटलं. ती खिडकी सीलबंद आहे, हे त्यानंतर आठवलं. साथीत त्या खोल्यांमधली हवा यंत्रानं ओढून बाहेर सोडायची होती, म्हणून फटी बुजवून टाकल्या होत्या. खिडकी उघडायची मूठसुद्धा काढून नेली होती.

तरी ती गेली. पिवळा गाऊन, दोन हातमोजे, मास्क, वर तोंडापुढची काच, असा सगळा साज चढवून सात नंबरमध्ये गेली आणि पट्ट्या कापायच्या कात्रीनं ते सिलिकॉन खरवडायला लागली. बराच वेळ खरवडलं. खिडकी हलली नाही. त्या वेळात खोलीत काय झालं, ते तिनं कुणालाही सांगितलं नाही, स्वतःशीही घोकलं नाही. नंतर एफीला फोन केला. एफीनं एवढंच विचारलं, "खिडकी उघडलीस?" आणि रोना म्हणाली, "हो, उघडली."

मग एफी म्हणाली, "बरं झालं हो. थंडी वाजली असेल तुला."

त्या एका वाक्यानं रोनाचं पार वाटोळं केलं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं सोसल्या असत्या. नर्सला शिव्यांची सवय असते.

तेव्हापासून तिला खरवडण्याचा आवाज सहन होत नाही. आता हिवाळ्यात केप ब्रेटनमध्ये खरवडण्याचा आवाज ऐकायचा नाही म्हणजे बहिरंच व्हायला हवं. रोज सकाळी गल्लीभर माणसं गाडीच्या काचेवरचा बर्फ खरडत असतात. तिचा नवरा हेक्टर बाहेर काच खरडायला लागला की रोना न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची. हेक्टरला वाटायचं, बायको काम चुकवते आहे. "राणीसाहेबांची आंघोळ बरोब्बर बर्फ पडल्यावरच निघते," असं तो तिच्या आईला सांगायचा, आणि आईही हसायची. रोनाही हसायची. सांगणार काय आणि कुणाला?

सांगायची सोय हॉस्पिटलानं केली होती, तसं म्हणायला हरकत नाही. हॅलिफॅक्सहून एक बाई आल्या. कर्मचाऱ्यांची मनं लवचिक करण्यासाठी आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं, पिझ्झा मागवला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक रंगवलेला दगड दिला. कुणाच्या दगडावर "आशा" लिहिलं होतं, कुणाच्या "धीर". रोनाच्या दगडावर लिहिलं होतं, "श्वास घे". मग त्या म्हणाल्या, मनात जे सलतंय ते मोकळेपणानं बोला. सगळे दगडाकडे पाहत बसले. शेवटी रोना म्हणाली, "गाड्या लावायला जागा नसते," आणि टाळ्या पडल्या, कारण ते सगळ्यांनाच सलत होतं. क्लोव्हिस म्हणाला, "मला पिझ्झा गार होतोय ते सलतंय." बाईंनी दोन्ही लिहून घेतलं.

तर अशा परिस्थितीत एफी बीटन चहाची गाडी घेऊन वॉर्डात शिरली, आणि दर शुक्रवारी यायला लागली. आली की रोनाचं कौतुक. पेशंटपुढे कौतुक, डॉक्टरपुढे कौतुक, फरशी पुसणाऱ्या बाईपुढे कौतुक. प्रत्येक वेळी रोनाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची, जणू काही तिथून काही बाहेर पडायचं आहे. बाहेर फक्त लाली पडायची.

आणि मग एफी म्हणायची, "जरा सात नंबर बघून येते."

रोनाची पाचावर धारण बसायची. एफी त्या खोलीत गेली, खिडकीला हात लावला की संपलं. म्हातारीनं एवढी वर्षं जी एक गोष्ट उराशी धरली, ती खोटी आहे, हे तिला एका नजरेत कळणार. मग शुक्रवार आला की रोनाची डोकेबाजी सुरू. कॉरिडॉरच्या तोंडाशी "फरशी ओली आहे" अशी पिवळी पाटी. फरशी ठणठणीत कोरडी. कधी सात नंबरच्या दारावर "उलट्यांची साथ, आत येऊ नये". एकदा तर तिनं त्या खोलीत बिशप झोपले आहेत अशी थाप मारली. एफी पक्की कॅथलिक, ती उलट जास्तच हट्टाला पेटली. बिशपांना चहा द्यायलाच हवा म्हणाली. क्लोव्हिसला धावत जाऊन पलंगावर पांघरूण घेऊन घोरावं लागलं. दाराच्या फटीतून ते घोरणं ऐकून एफी परत फिरली आणि वाटेत म्हणाली, "बिशपांचा वजनदारपणा आवाजातच कळतो."

"हे किती दिवस चालणार?" पांघरूण घडी करता करता क्लोव्हिसनं विचारलं. "पुढच्या खेपेला मला पोप करशील. सांगून टाक तिला."

"काय सांगू? तुमच्या ॲलिकचा जीव अडकला म्हणून सांगू?"

"जीव अडकलाय खरा," क्लोव्हिस म्हणाला. "पण ॲलिकचा नव्हे." आणि स्वतःच थोडा ओशाळून मिशीवरून हात फिरवत निघून गेला.

मग एका शुक्रवारी एफीनं जाहीर केलं की ती सात नंबरच्या खिडकीला पडदा शिवते आहे. मुख्य नर्सबाईंची परवानगी काढली होती. पडदा पुढच्या शुक्रवारी लावायचा. "आणि लावताना खिडकी जरा उघडून ठेवू," ती रोनाच्या दंडावर थोपटत म्हणाली. "तू उघडलीस तशीच."

आता यातून सुटका नव्हती. पाट्या संपल्या, बिशप संपले. रोना त्या रात्री झोपली नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. तिनं पुन्हा क्लोव्हिसला गाठलं.

"सांगवत नसेल तर उघड खिडकी," क्लोव्हिस वैतागून म्हणाला. "होऊन जाऊ दे खरं."

तो चिडवत होता. पण बुडत्या माणसाला दोरी आणि साप यांत फरक करायला वेळ नसतो. शुक्रवारी रोना कामावर आली ती हेक्टरच्या हत्यारांच्या पेटीतली रंग खरवडायची पातळ सुरी पिशवीत घालून. दुपारी सात नंबर रिकामा झाला. पेशंट घरी गेला, नवा यायचा होता. तिनं बाहेर पिवळी पाटी लावली, आत गेली आणि दार ओढून घेतलं. दाराला खिट्टी नव्हती, म्हणून खाली तो "श्वास घे" दगड अडकवला. इतक्या महिन्यांत तो दगड पहिल्यांदा काहीतरी उपयोगी पडत होता.

खोली तशीच होती. पलंग, खुर्ची, भिंतीवरचा ऑक्सिजनचा नळ. ती पलंगाकडे न बघता सरळ खिडकीशी गेली. सिलिकॉनवर खालच्या कोपऱ्यात तिच्या कात्रीच्या खुणा अजून होत्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या. तिनं सुरी टेकवली आणि ओढली.

तो आवाज आला आणि मानेवर वारा आला. आता हसा हवं तर, पण खरंच आला; ती खोटं बोलत नव्हती. पाठीमागे पलंग आहे, पलंगावर कुणीतरी आहे आणि आपण वळून बघत नाही, असं तिला वाटलं. वळून बघितलं तर पुन्हा तेच दिसेल असंही वाटलं. म्हणून ती खरवडत राहिली. रडत राहिली आणि खरवडत राहिली.

"अगं, तसं नाही निघायचं ते," मागून आवाज आला. "त्यानं दोन थर दिलेत."

दगड सरकवून दार अर्धं उघडलं होतं. दारात एफी बीटन उभी होती, काखेत पडदा, मागे चहाची गाडी. रोनाच्या हातातून सुरी गळून पडली.

"कुणी दोन थर दिलेत?" तिनं विचारलं.

"ॲलिकनं. दुसरं कोण? साथ सुरू झाली त्या वसंतात हॉस्पिटलाला माणसं मिळेनात. मैदान बंद होतं, हा घरी बसून माझं डोकं खात होता. म्हटलं, जा बाबा. तर इथल्या सगळ्या खिडक्या यानं बुजवल्या. घरी येऊन काय फुशारक्या! म्हणे, एफी, असं काम केलंय, आत कुणी पादलं तरी बाहेर कळायचं नाही."

रोनाला हे समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? खिडकी उघडत नाही, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"होतं की."

"मग मला कशाला सांगितलंत उघडायला?" रोना ओरडली. मिसेस बीटनवर आपण ओरडतो आहोत, हे तिला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. "मी एवढी वर्षं, मिसेस बीटन, एवढी वर्षं मी या खोलीत पाय ठेवला नाही! घरात नळ सोडून उभी राहते मी! आणि तुम्हाला माहीत होतं?"

"आधी नाक पूस," एफी म्हणाली. तिनं गाडीवरचा कागदी रुमाल दिला, पडदा पलंगावर ठेवला आणि खिडकीशी येऊन खाली बोट दाखवलं. "ते बघ. गाड्या लावायची जागा दिसते ना? तिकडे कडेला दिव्याचा खांब आहे. त्या खांबाखाली मी होते."

"कधी?"

"तेव्हाच. ॲलिकच्या ट्रकमध्ये बसून तुला फोन केला मी. घरातून नव्हे. आणि हे कुणाला सांगू नकोस, मला बाहेर पडायला बंदी होती, फादर मायकलना कळलं तर या वयात मला गुडघ्यावर बसवतील." एफीचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, फक्त हात खिडकीच्या कडेवरून फिरत होता. "त्याचा हात धर, असं सांगितलं असतं तर तूही हो म्हणाली असतीस. सगळ्याच नर्सा हो म्हणतात. पण खरंच कुणी आत गेलं की नाही, ते मला खालून कसं दिसणार? पलंग दिसत नव्हता मला. खिडकी दिसत होती. म्हणून खिडकी मागितली."

रोनानं वाकून खाली त्या खांबाकडे पाहिलं.

"आणि दिसलीस तू," एफी म्हणाली. "पिवळा झगा, डोक्यावर ती काच, कोपर आपलं खालीवर, खालीवर. काय खरवडत होतीस! मी ट्रकमध्ये बसून म्हटलं, ॲलिक, आलं बाबा कुणीतरी. बरं, एवढं घट्ट काम आहे, तेव्हा लवकर जायची नाही ती. बसेल अडकून."

"अडकूनच बसले होते मी," रोना म्हणाली. आता ते आतलं बाहेर यायलाच लागलं होतं, तिनं अडवलं नाही. "तुम्हाला अर्धंच दिसलं. माझी पाठ होती त्यांच्याकडे. मी कात्री घेऊन खिडकीशी झटापट करत होते आणि ते माझ्या पाठीमागे गेले. मागे वळले तेव्हा संपलं होतं. हात धरला नाही मी त्यांचा. हाक मारली नाही. खोलीत असून ते एकटेच गेले. आणि त्यांनी आवाज केला होता, मिसेस बीटन. मी ऐकला. ऐकून वळले नाही. म्हटलं, आणखी एकदा ओढते, मग निघेल."

एफी पलंगाच्या कडेवर बसली. इतका वेळ ती घाईत असल्यासारखी होती, आता नव्हती.

"कसा आवाज?"

"नको."

"काढून दाखव. माझा नवरा होता तो, मला ऐकू दे."

रोनानं डोळे मिटले आणि तो आवाज काढला. तीन वेळा, नाकातून, अडकत अडकत. एवढी वर्षं तो तिच्या कानात होता, बरोब्बर निघाला.

एफी तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना कंप सुटला. रोनाला वाटलं, म्हातारी रडते आहे. ती रडतच होती, पण त्यात दुसरंही काहीतरी होतं.

"अगं, तो असाच हसायचा," एफी म्हणाली. "मैदानावर कुणी ऐटीत आलं आणि ढुंगणावर आपटलं की यंत्रावर बसून असाच हसायचा, नाकातून. लोक म्हणायचे, यंत्र बिघडलं की काय." तिनं गुलाबी जाकिटाच्या बाहीनं डोळे पुसले. "त्याच्या दोन थरांवर तू कात्री घेऊन गेलीस! आयुष्यात एवढी करमणूक झाली नसेल त्याची."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"काही अंशी," एफी म्हणाली. "हसत होता की धाप लागली होती, ते मला माहीत नाही. तुलाही नाही. तुझी पाठ होती, आणि मी तर खाली होते. ते आता कुणालाच कळायचं नाही. पण तू एकटीनं धाप धरून ठेवलीस इतकी वर्षं. आता अर्धं हसणं घे, अर्धी धाप मला दे. माझाच होता तो."

रोना खिडकीशी टेकून उभी राहिली. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं, आणि राग आला, आणि या म्हातारीच्या गळ्यात पडावंसंही वाटलं.

"मग गाडी घेऊन कशाला यायचात दर शुक्रवारी? माझं कौतुक कशाला?"

"तू खरं बोलशील म्हणून! म्हटलं, एवढी चढवली तर एक दिवस चिडून तरी म्हणेल, बाई गं, नाही उघडली मी खिडकी. मग मला म्हणता येईल की मी पाहिलंय तुला. मीही तुला फुकटचं कामाला लावलं होतं, ते मला सलत नव्हतं का? पण तू कसली बोलतेस. मी आले की पाटी. बिशप काय, उलट्या काय. आणि त्या मिशाळ बिशपाला सांग, घोरताना बूट काढत जा."

रोना हसली. नाकातून हसू आलं आणि तिची तीच दचकली.

दोघींनी मिळून पडदा लावला. निळ्या चौकटींचा, जाडाभरडा, एका बाजूनं थोडा आखूड. एफीनं तो ॲलिकच्या शर्टांचा शिवला होता. एका जागी खिसा तसाच राहिला होता. सिलिकॉनवरच्या खुणा रोना रुमालानं पुसायला लागली, तेव्हा एफीनं तिचा हात धरला.

"राहू दे. दोघांचंही काम आहे ते."

मग तिनं गाडीवरून एक कप चहा ओतला आणि पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

"आता बस इथं. तेव्हा उभीच होतीस."

रोना बसली. खुर्ची पलंगाकडे तोंड करून होती. पलंग रिकामा, चादर नुकतीच घातलेली. ती त्याच्याकडे बघत बसली आणि तो गार, कडवट, हॉस्पिटलातला चहा सगळा प्यायली. एफी काही न बोलता शेजारी उभी होती. ती इतका वेळ गप्प राहू शकते, हे गावात कुणाला सांगून पटलं नसतं.

तेवढ्यात दारात क्लोव्हिसच्या मिशा दिसल्या. त्यानं रोनाकडे पाहिलं, एफीकडे पाहिलं, जमिनीवरच्या सुरीकडे पाहिलं, आणि जे काही विचारायचं होतं ते गिळून टाकलं.

"सात नंबरला नवा पेशंट येतोय," तो म्हणाला. "कोण घेतंय? मी घेऊ का? तुला आपला वारा लागतो इथं."

"मी घेते," रोना म्हणाली आणि कप गाडीवर ठेवला. "वारा कसला लागतोय? ॲलिक बीटननं दोन थर दिलेत."